बोरखडीचा पिवळा पडदा

बोरखडीच्या टेकावरचं हे नाटकघर बघायला येणारे पाहुणे हटकून दोन गोष्टी विचारतात. गाव खाली नदीकाठी, मग नाटकघर इतकं वर कशाला? आणि दुसरीकडे तांबडा पडदा असतो, इथे पिवळा का? दोन्हींचं उत्तर द्यायचं तर नेमगोंडा आण्णांपासून सुरुवात करावी लागते.

आण्णा हळदीचे मोठे व्यापारी. काठावरच्या रानात त्यांची चौदा पेवं होती. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार. तोंड अरुंद, पोट मोठं, आत हळद वर्षानुवर्षं टिकते. माणूस दिलदार, पण स्वस्थ बसणं त्यांना ठाऊक नव्हतं असं सांगतात. दर पावसाळ्यात एक नाटक मंडळी चार महिने त्यांच्या आश्रयाला असायची. धर्मशाळेपुढच्या मांडवात खेळ लागला की सगळं गाव बसायचं आणि आण्णा मागे येरझाऱ्या घालायचे. पुढे बसलेल्या त्यांच्या पत्नीचे, पद्माक्कांचे, कान नाटकाकडे कमी आणि त्या पावलांकडे जास्त असत.

एका श्रावणात सात दिवस पाऊस उघडला नाही. आठव्या दिवशी सकाळी पाणी घाट चढून धर्मशाळेला लागलं. मंडळीतली माणसं टेकावर गेली, पण पेटारे, ऑर्गन, रंगवलेले पडदे खालीच राहिले. पेवांपर्यंत पाणी यायला अजून अर्धा दिवस होता. हळद काढायला आण्णांच्या अकरा गाड्या जुंपून उभ्या होत्या. आण्णा पेवांकडे गेले, घाटाकडे गेले, पुन्हा पेवांकडे आले आणि एकदम त्यांनी सगळ्या गाड्या धर्मशाळेकडे वळवल्या.

पद्माक्का चिखल तुडवत धावत आल्या म्हणे. "अहो, पेवं उघडायची सोडून या चिंध्या कसल्या भरताय?"

"हळद पुढच्या साली परत पिकंल. हे पडदे रंगवणारा म्हातारा मेला. परत कोण रंगवणार?"

"आणि आपण खायचं काय? पडदे?"

आण्णा पेटारा उचलायला वाकले. दुसऱ्या बाजूला माणूस नव्हता. पद्माक्का क्षणभर उभ्या राहिल्या, मग तोंडाचा पट्टा चालू ठेवूनच त्यांनी दुसरी कडी धरली.

संध्याकाळी पेवं बुडाली. गढूळ पाण्यात पिवळे पट्टे सुटले आणि धारेबरोबर लांब लांब निघाले. टेकावरून दोघं ते बघत होती. त्यानंतर पाणी उतरेपर्यंत आण्णा वर इतके चालले की गवत मरून वाट पडली, असं जुनी माणसं सांगायची.

घाईत एक पडदा मागे राहिला होता, दर्शनी, साधा पांढरा. पूर ओसरल्यावर तो एका पेवाच्या तोंडात अडकलेला सापडला, जागोजाग पिवळे डाग पडलेला. मंडळीचे मालक दत्तोबा म्हणाले, "टाकून देऊ."

पद्माक्कांचा राग अजून गेला नव्हता. "आमची सगळी हळद गेली तेव्हा हा एवढा रंगलाय. टाकाल तर याद राखा!" त्यांनी हळद शिजवायची काहील चुलाणावर चढवली, भिजून वाया गेलेली हळद आणि तुरटी तिच्यात टाकली आणि पडदा उकळून काढला. तो पिवळाजर्द निघाला.

आण्णांनी नदी पोचणार नाही अशा जागी, टेकावर, हे नाटकघर बांधलं. चौदातली पाचच पेवं पुन्हा भरू शकली. पद्माक्कांनी कुणाला अडवलं नाही, पण वर पाऊलही टाकलं नाही.

पुढे एका वर्षी, नव्या खेळाच्या दिवशी पहाटे आण्णा गेले. दुपारी सगळं उरकल्यावर दत्तोबा दारात येऊन उभे राहिले. "अक्का, खेळ बंद ठेवतो."

"लोक आलेत?"

"आलेत. परत पाठवतो."

पद्माक्का उठल्या. दोघी जावा आडव्या आल्या, सुतकात कुठं निघालात म्हणून. त्या थांबल्या नाहीत. टेक चढून आत आल्या, त्या पिवळ्या कापडासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पडदा वर घ्या." खेळ संपेपर्यंत त्या बसून होत्या. काय पाहिलं ते मात्र त्यांना कधीच सांगता आलं नाही, असं म्हणतात.

आजही आण्णांच्या तिथीला इथे हारतुरे नसतात, भाषणं नसतात. उन्हाने हळदीचा रंग उडतो, म्हणून घरोघरची मूठमूठ हळद गोळा करून पडदा पुन्हा शिजवतात. त्या वर्षी ज्या घरातलं माणूस गेलं असेल त्या घरची बाई पुढे येते आणि "पडदा वर घ्या" म्हणून सांगते, तेव्हाच खेळ सुरू होतो. गेल्या साली कुंभाराची सुलक्षणा उभी राहिली. नवरा जाऊन वीस दिवस झाले होते. चारशे माणसं बसलेली, कुणी साधं खाकरलं नाही. बऱ्याच वेळाने तिने नुसता हात वर केला. दोरी धरलेल्याला तेवढं पुरलं.