अर्ध्या माशाचा खडक

आमच्या खारडोंगरीच्या खडकाइतकी जुनी गोष्ट साऱ्या किनाऱ्यावर दुसरी नाही. किती जुनी ते मात्र विचारू नका. माझी शाळा चौथीपर्यंत, आणि चौथीही दोनदा. खडकावर ही एकच वाकडी रेघ कोरलीय ना, ती माशाची पाठ. पोट कुठाय, असं येणारा प्रत्येक जण विचारतो.

सांगतात ते असं. सोपाऱ्याच्या बंदराला मिसरी, म्हणजे इजिप्तची, गलबतं लागत तेव्हाची गोष्ट. शिडं शिवणारा थिओन तापानं फणफणला, म्हणून त्याला इथं उतरवून त्याचं गलबत निघून गेलं. थिओन येशूला मानणारा. रोमच्या बादशहाच्या मुलखात हे उघड बोलणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून त्या लोकांची खूण ठरलेली: एकानं माशाची पाठ काढायची, दुसऱ्यानं मुकाट पोट काढायचं, म्हणजे माणूस आपला. देवाच्या नावानं भाकरी मोडायची ती अशा माणसासोबतच. थिओननं शपथ घेतली, तसा दुसरा भेटेपर्यंत भाकरीला शिवायचं नाही.

रोज तो वाळूत पाठ काढून बसे. गाव कोळ्यांचं. त्यांना वाटलं, परक्याला मासा हवाय. मिठागरातल्या लवणीनं बोंबील आणून दिला. त्यानं नकाराची मान हलवली. दुसऱ्या दिवशी तिनं मांदेली आणली, मग सुरमई. मेल्याच्या आवडीनिवडीच फार, असं गावभर झालं. एका म्हाताऱ्यानं तर त्याला वाळूतल्या माशाला कल्ले काढायला शिकवले. थिओन चडफडे, आणि भूक लागली की मासा खाई. गावची बोली आली, तरी भीती अशी मुरलेली की खुणेचा अर्थ त्यानं कुणाला सांगितला नाही. लाटा रेघ पुसत, म्हणून शेवटी खडकात कोरली. अशी सात वर्षं गेली, म्हणे.

एका सकाळी लवणीनं ओल्या बोटानं रेघेखाली पोट काढलं. थिओन धावत आला.

“तू आमच्यातली?”

“छे. बिनपोटाचा मासा बघवेना.”

 थिओनची सात वर्षांची चडफड एकदम बाहेर पडली: खूण, शपथ, भाकरी, आणि आपलं म्हणावं असं एकही माणूस नाही. लवणीनं सगळं ऐकून घेतलं. मग आपल्या शिदोरीतली तांदळाची भाकरी त्याच्यापुढे धरली.

आजही गावात नवा माणूस आला की ओल्या बोटानं इथं माशाचं पोट काढतो. भरती ते पुसते. मग भाकरी मोडतात, आणि वाढणारी बाई लवणीनं विचारलं होतं तेच विचारते:

“सात वर्षं तुला जेवू घातलं, ती तुझी माणसं नाहीत, तर कोण रे, मेल्या?”