मिशीच्या रंगाचे दस्ते

आंबेगिरीच्या भुजंगराव महाराजांनी हुकूम सोडला. खंडेनवमीच्या शस्त्रपूजेला शस्त्रागारातील यच्चयावत बंदुकांचे लाकडी दस्ते आमच्या मिशीच्या रंगाचे दिसले पाहिजेत. मात्र त्यांवर रंगाचा थेंबही चढवायचा नाही. रंगवलेली वस्तू म्हणजे सोंग, आणि जगदंबेपुढे सोंग चालत नाही. हे न साधल्यास शस्त्रागाराचा सुतार हैबती याची हत्यारे जप्त होतील आणि भर दरबारात त्याची मिशी उतरवली जाईल.

हैबतीची मिशी पांढरीशुभ्र होती. भजनाला बसला की अभंगाच्या प्रत्येक कडव्याला ती टाळाबरोबर हलत असे. एरवी त्या माणसाला कशाचा अभिमान नव्हता. पण मिशीविना देवीपुढे उभे राहायचे, या विचाराने त्याला अन्न गोड लागेना.

अडचण लाकडाची होती, त्याहून अधिक मिशीची. महाराजांची मिशी दर सोमवारी बंद दाराआड रंगवली जाई, हे संस्थानातल्या गुराख्यालाही ठाऊक होते आणि ते बोलण्याची दिवाणांचीही छाती नव्हती. सोमवारी ती काजळासारखी असे, गुरुवारी तिच्यावर विटकरी झाक येई, आणि आठवडा सरता सरता मुळाशी कापणी झालेल्या शेतासारखे पांढरे खुंट डोकावत. नमुन्याला एक केस मागावा, तर तो राजद्रोह. तेव्हा हैबती रोज महाराजांच्या सज्ज्याखाली मान वर करून उभा राही, रंग डोळ्यांत साठवी आणि डोळे मिटून घरी येई. वाटेत दोनदा तो गाईवर आदळला.

त्याने रंगाऱ्याकडून हिराकस, म्हणजे लोखंडाचा हिरवट खार, आणला, पाण्यात विरघळवला आणि ते फिकट पाणी दस्त्यांवर फिरवले. बाभळीचे दस्ते काळे झाले, आंब्याचे राखेसारखे करडे, सागाचे भलत्याच हिरवट छटेचे. एकाच पाण्याचे तीन रंग पाहून हैबतीने कपाळाला हात लावला.

त्याची मुलगी सगुणा देवघरातली समई घासत होती. ती म्हणाली, "आबा, बाभूळ मुळातच तुरट. हिराकसाला तुरटपणा भेटला की काळे होते. आंब्याच्या पोटात तेवढे नाही, मग तो काय दाखवील? त्याला आधी हिरड्याचा काढा पाजा."

"आणि मिशी? ती आज काळी, उद्या तांबडी. तिच्यामागे किती धावू?"

"आपण धावायचे नाही. सारे दस्ते काळेच करा. पुढचे माझ्यावर सोडा."

हिरडे उकळून त्यांचा काढा सर्व दस्त्यांना पाजला, तो वाळल्यावर हिराकसाचे पाणी दिले, आणि शेवटी जवसाचे तेल घासले. सगळी लाकडे एका आईच्या लेकरांसारखी काळीभोर दिसू लागली.

खंडेनवमी नेमकी रविवारी आली. देवीपुढे बंदुका मांडल्या होत्या, झेंडूच्या माळा चढल्या होत्या, आणि न्हावी वस्तरा घेऊन खांबाआड उभा होता. महाराजांनी एक बंदूक उचलून गालाशी धरली आणि भिंतीवरच्या आरशात पाहिले. दस्ता काळाकुट्ट, मिशी मात्र तीन ऋतू एकदम आल्यासारखी. दरबाराने एकजात छताकडे पाहिले.

"हैबती," महाराज कडाडले, "हा आमच्या मिशीचा रंग?"

हैबतीने खांबाआडच्या न्हाव्याकडे पाहिले. सगुणा पुढे झाली आणि तिने आधी जगदंबेला, मग महाराजांना नमस्कार केला.

"सरकार, दस्ते निर्जीव आहेत. जो रंग आला तो घेऊन ते बसले. आपली मिशी पराक्रमी. ती एका रंगावर कशी थांबेल?"

महाराजांचा चेहरा जरा सैलावला. पण त्यांनी बजावले की हुकूम तो हुकूम. शिवाय हा काळा रंग कुठून आला? रंग लावायला तर मनाई होती.

सगुणेने दोन वाट्या पुढे ठेवल्या. एकीत हिरड्याचा पिवळसर काढा, दुसरीत हिराकसाचे फिकट पाणी. काळे म्हणावे असे दोन्हींत काही नव्हते. दरबारच्या शास्त्रीबुवांनी वाकून पाहिले, हुंगले, आणि हा रंग नव्हे असा निर्वाळा दिला. तिने आंब्याच्या ढलपीवर आधी एक पाणी फिरवले, मग दुसरे. सर्वांच्या देखत ढलपी काळी पडली.

"हे रंगवणे नाही, सरकार. वरून काही चढवले नाही. काळेपण लाकडातच जागे झाले. आता दस्ते आणि मिशी एका रंगाची व्हायची, तर जो संस्कार दस्त्यांना झाला तोच मिशीलाही व्हावा. शास्त्रीबुवांनीच सांगितले, यात सोंग नाही."

दिवाणांनी पागोटे सावरण्याच्या निमित्ताने तोंड झाकले. महाराजांनी तिला जवळ बोलावले आणि तिलाच ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "पोरी, बाभळीचे ठीक आहे. पण ज्याच्या आत काहीच उरले नाही, त्याचे काय?"

सगुणाही तितक्याच हळू म्हणाली, "त्यासाठीच तर आधी हिरडा, सरकार. आंब्याचा दस्ता कोणता, हे आज दरबारात कोणी ओळखले का?"

महाराजांनी बंदुकांच्या रांगेवरून नजर फिरवली. एकही ओळखू येईना. मग त्यांचे पोट हलू लागले, मग खांदे, आणि ते असे गडगडून हसले की हातातली बंदूक दिवाणांच्या पायावर पडली. दिवाणही हसले, त्यांना हसण्यावाचून गत्यंतर नव्हते.

मिशीवर तिथेच, देवीसमोर, उघड्यावर आधी हिरड्याचे, मग हिराकसाचे पाणी फिरले. महाराजांनी बंदूक पुन्हा गालाशी धरली. तसूभर फरक नव्हता! शस्त्रागाराची सुतारकी हैबतीच्या घराण्याकडे कायम झाली, सगुणेला सोन्याचे कडे मिळाले, आणि दर सोमवारचे बंद दार उघडले गेले.

प्रसन्न होऊन महाराज म्हणाले, "हैबती, वाटीत थोडे उरले आहे. ये, तुझीही मिशी करून टाकू."

हैबतीने दोन्ही हातांनी मिशी झाकली. "नको, सरकार. हिच्यासारखा दस्ता कुणी मागितलेला नाही."