तुळसाजीचा तोकडा हार

एका गावात तुळसाजी नावाचा माळी राहायचा. हाताला गुण होता, पण डोकं सदा तापलेलं! दसऱ्याला देवीला पहिला हार त्याच्याच शेवंतीचा. तो मान आज्यापासून चालत आलेला. हार देवीच्या पायांपर्यंत पोचायलाच हवा, नाहीतर मान दुसऱ्या घरी जायचा.

यंदा गावभर मावा पडला. बारीक हिरवे किडे कळ्यांचा रस शोषू लागले. तुळसाजीला मात्र दिसल्या त्या कळ्यांभोवती घिरट्या घालणाऱ्या, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माश्या.

"गांधीलमाश्यांची पिल्लं! यांनीच आणली ही पीडा!" तो ओरडला.

"अहो, आधी बघा तरी नीट," बायको सोनाबाई म्हणाली.

ऐकेल तर शपथ! तीन दिवस त्याने मळ्याच्या उगवतीकडच्या अर्ध्या भागात गोवऱ्यांचा धूर कोंडला. माश्या पळाल्या.

चौथ्या दिवशी तो मावळतीच्या भागात आला. एक गोवरी धुमसू लागली, तेवढ्यात एक माशी थेट त्याच्या नाकासमोर येऊन थांबली. हवेत! पंख दिसेनात, माशी जागची हलेना! मग झर्रकन बाजूला आणि पुन्हा स्थिर. अरे वा! तुळसाजी बघतच राहिला. ती फुलावर बसली तशी त्याने भीतभीत मुठीत धरली. नांगीच नाही! सोडली, तर ती माव्याने भरलेल्या कळीवर गेली आणि रव्याच्या कणाएवढं पांढरं अंडं घालून उडाली. शेजारच्या कळीवर तसंच एक अंडं फुटलेलं होतं, आणि त्यातून निघालेली अळी मावा मटामटा खात होती!

"सोना, अगं धाव! ही तर आपली राखणदारीण!" त्याने घागरभर पाणी गोवरीवर ओतलं.

दसऱ्याला मावळतीचा मळा पिवळाधमक फुलला. उगवतीकडे एकही कळी उमलली नाही. हार देवीच्या गुडघ्यांपर्यंतच आला. देवळात कुजबुज सुरू झाली. माव्याचं नाव सांगून सुटता आलं असतं. पण तुळसाजी पुढे झाला.

"माव्याने नाही, माझ्या घाईने हार तोकडा झाला. मावा खाऊन राखण करणाऱ्या माश्यांनाच मी हाकललं. मान दुसऱ्याला द्या."

म्हातारी गुरवीण म्हणाली, "मान राहू दे तुझ्याकडेच. आधी ती माशी दाखव आम्हाला!"

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खं गाव शेवंतीच्या वाफ्यांत उकिडवं बसलं होतं, नाकासमोर माशी यायची वाट बघत.

तात्पर्य: कुणाला वैरी ठरवण्याआधी त्याच्याकडे नीट बघावं, आणि बघायचं राहून गेलं असेल तर ते चारचौघांत कबूल करावं.