बुजवलेली खिडकी

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. तिथली सगळी घरं जोडघरं, म्हणजे मधे एक भिंत आणि तिच्या दोन्ही अंगांना एकेक बिऱ्हाड. त्या मधल्या भिंतीत चुलीजवळ हातभर खिडकी ठेवायची, असा गावचा रिवाज होता. सकाळी ज्याची चूल आधी पेटेल त्याने खिडकीतून पलीकडे विस्तव द्यायचा. आणि एखाद्या सकाळी पलीकडून खिडकी उघडलीच नाही, तर हातातलं काम टाकून जाऊन बघायचं. माणूस तापाने पडला असेल, घसरला असेल, कोण जाणे. हा रिवाज कोणी घालून दिला ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण त्याच्यामुळे त्या गावात कुणी एकटं मेलं नव्हतं.

गावाच्या टोकाच्या घरात एक म्हातारा तांबट राहायचा. बायको वारलेली, पोरबाळ नाही. भिंतीपलीकडे त्याचा धाकटा भाऊ होता, पण तोही लेकीच्या गावी राहायला गेला. जाताना म्हणाला, दादा, माझा अर्धा भाग आता तूच सांभाळ, कुणाला तरी भाड्याने दे. असा आमचा तांबट उतारवयात घरमालक झाला. मालक झाला की माणसाची मान जरा ताठ होते, तशी त्याचीही झाली.

त्याला एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे शांतता. जन्मभर हंडे-घागरी ठोकून त्याचे कान किटले होते. हातोडी त्याने कोनाड्यात ठेवून दिली ती दिलीच. आता भाडेकरू असा हवा, की पलीकडे कुणी राहतंय हेसुद्धा कळू नये. मग त्याने पहिलं काम काय केलं असेल? गवंडी बोलावला आणि मधली खिडकी बुजवून टाकली. गवंड्याचा हात उचलेना. खिडकी बुजवायचं काम त्या गावात कुणी सांगितलंच नव्हतं. तांबट त्याच्यावरच खेकसला. भाडेकरू म्हणजे काय माझा भाऊ आहे, म्हणाला, आज विस्तव मागेल, उद्या मीठ मागेल, परवा माझ्याच चुलीशी येऊन बसेल. गवंड्याने विटा रचून खिडकी बंद केली. त्याने गिलावा केला आणि गेला.

आता भाडेकरू निवडायचा कसा? इथे म्हाताऱ्याने आपलं डोकं चालवलं. तांबट भांडं पारखतो ते कानाने. टिचकी मारायची आणि ऐकायचं. माणूसही असाच पारखू, असं त्याने ठरवलं. जो कोणी घर मागायला येईल त्याला तो म्हणे, भात शिजायला लागतो तेवढा वेळ आत बसून बघा, घर आवडतंय का ते. आणि स्वतः अलीकडे येऊन भिंतीला कान लावून बसे. मधेच खाकरे, खोकला काढे, आणि पलीकडून काही हालचाल होते का ते ऐके.

आधी चुरमुरे भाजणारं एक जोडपं आलं. त्यांनी आत पाऊल टाकलं नाही तोच भट्टी कुठे मांडायची यावरून त्यांची जुंपली, आणि घटकाभराने दोघंही खो-खो हसायला लागली. तांबटाने कपाळाला हात लावला आणि त्यांना दारातूनच वाटेला लावलं.

मग एक तरणी बाई आली, कडेवर तान्हं मूल. नवरा पुरात गेला होता आणि ती धर्मशाळेत दिवस काढत होती. गोधड्या शिवून पोट भरीन, म्हणाली. तिने आत जाताच कोपऱ्यातली केरसुणी उचलली आणि घर झाडायला घेतलं. मूल रडलं, तिने गाणं गुणगुणलं, मूल निजलं. इकडे तांबट खोकला. तर पलीकडून भिंतीवर थाप पडली.

"बाबा, ठसका लागला का? पाणी आणून देऊ?"

तांबट गप्प बसला. तशी ती बाई काळजीने दाराशीच येऊन उभी राहिली. जाताना तिने भिंतीवरच्या ओल्या गिलाव्याला हात लावून विचारलं, "बाबा, इथली खिडकी कशाला बुजवली? तुम्ही तर एकटेच दिसता."

झालं! तांबटाच्या डोक्यात राख गेली. अजून घर मिळालं नाही आणि ही माझ्या एकटेपणाची चौकशी करते, भिंतीपलीकडचा खोकला ऐकते, उद्या माझ्या ताटात काय आहे तेही बघेल. त्याने तिला सांगितलं की घर दुसऱ्याला कबूल केलंय. तिला ते खोटं कळलं असावं. मुलाला खांद्यावर टाकून तशीच उन्हातून निघून गेली.

शेवटी एक नकलनवीस आला, लोकांची कागदपत्रं उतरवून देणारा. अंगाने किरकोळ, पायात मऊ चढाव, म्हणजे आवाज न करणारे जोडे. तो आत गेला आणि भात शिजून करपायची वेळ आली तरी आतून चकार शब्द नाही. तांबट एकदा खोकला, दोनदा खोकला, मुद्दाम तांब्या पाडला. पलीकडे सगळं गार. तांबट हरखून गेला. अहो, ज्या घागरीवर टिचकी मारली आणि ती बोलली नाही, ती चिरलेली समजून तो आयुष्यभर बाजूला टाकत आला होता. आणि इथे मात्र न बोलणारा माणूस त्याला अस्सल वाटला. मला तर या म्हाताऱ्याचा रागच येतो.

घर देताना त्याने बजावलं, "भिंतीच्या या बाजूला काहीही होऊ दे, इकडे यायचं नाही. आलात तर घर खाली करायचं."

नकलनवीस मान डोलावून म्हणाला, "मलाही तेच हवंय."

दिवस मोठे सुखाचे गेले. तांबटाने दूध घालणाऱ्या गवळणीलाही सांगून ठेवलं, की हाक मारायची नाही, चरवी ओट्यावर ठेवायची आणि जायचं. घर असं शांत झालं, की म्हाताऱ्याला आपल्याच श्वासाचा आवाज ऐकू यायला लागला. कधीकधी त्याला भावाच्या घरातला गलका आठवायचा, आणि नकळत त्याचा हात बुजवलेल्या खिडकीवर जायचा. पण ते तो स्वतःलासुद्धा कबूल करत नसे.

एका सकाळी चुलीपाशी त्याचा पाय निसटला आणि तो कमरेवर पडला. उठता येईना. हाक मारायला गेला तर घशातून आवाज फुटेना. हाताशी एक तांब्याचा हंडा होता. त्याने उलथनं घेतलं आणि हंडा वाजवायला लागला. ठण, ठण. ज्याचे कान त्या आवाजाला किटले होते, तोच आता जीव तोडून तो आवाज करत होता. डोळे सारखे खिडकीकडे जात होते, पण तिथे गिलावा होता. ऊन चढलं, कललं, हात थकला. कुणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी गवळण आली तेव्हा ओट्यावरच्या कालच्या दुधाला मुंग्या लागलेल्या. ती न विचारता आत घुसली, म्हणून म्हातारा वाचला. हाडवैद्य म्हणाला, कालच बोलावलं असतं तर हाड बसवता आलं असतं. आता हे पाय काही उभे राहायचे नाहीत.

तांबटाने नकलनविसाला बोलावून घेतलं. "तुला ऐकू नाही आलं का रे?"

"आलं की. दिवसभर येत होतं," तो खाली बघत म्हणाला. "पण इकडे यायचं नाही असं तुम्हीच बजावलं होतं, काका. घर जाईल म्हणून नाही आलो."

पुढच्याच महिन्यात नकलनवीस बोचकं बांधून निघून गेला. म्हणाला, तुम्ही रात्रंदिवस कण्हता, मला लिहायला शांतता लागते.

तेव्हा तांबटाने गवंड्याकडून खिडकी पुन्हा मोकळी करून घेतली, आणि गवळणीजवळ त्या गोधड्या शिवणाऱ्या बाईला निरोप धाडला. घर तुझंच समज, भाडंही नको, फक्त राहायला ये. बाई गावाच्या दुसऱ्या टोकाला एका आंधळ्या म्हातारीच्या जोडघरात राहत होती. निरोप ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "बाबांना सांगा, माझा राग नाही. पण मला येता यायचं नाही. सकाळी माझी खिडकी उघडली नाही तर आजी घाबरतील."

अजूनही रोज सकाळी तांबट फरफटत चुलीपाशी जातो, खिडकी उघडतो आणि पलीकडे बघतो. पलीकडची चूल थंड असते.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: ज्याचा आपल्याला कधीच त्रास होणार नाही असा शेजारी शोधत बसलं, की आपल्या त्रासातही न येणारा शेजारी मिळतो.