सोन्याची पिसे आणि सगुणीचा 'ग'

सकाळपासून गोष्ट सांगा, गोष्ट सांगा म्हणून डोकं खाल्लंत माझं. सांगतो. मध्ये कुणी बोललं तर उठून जाईन.

एका राज्यात एक पाठशाळा होती, आणि तिथे म्हाळसाबाई शिकवीत. मेघसेन राजाने त्यांना एक पेटी धाडली. पेटीत सोन्याची पिसे, आणि पेटीवर एक बोलका पक्षी, पार उघडाबोडका. राजाचा हुकूम होता, जो पहिला उत्तर देईल त्याला पीस द्यावे. बाई देत गेल्या. रोज पहिला कोण, तर सरदाराचा इंद्रजित. महिन्याभरात त्याच्या पगडीत पिसे मावेनात, आणि शेवटच्या रांगेतली कुंभाराची सगुणी गुडघ्यापर्यंत दगडाची झाली.

तेव्हा पक्षी बोलला, "ही पिसे माझी. एका मांत्रिकाने ओरबाडली आणि शापली. अन्यायाने वाटली, तर मागे पडलेलं मूल दगड होतं."

"उपाय सांगा, पक्षिराज," बाई म्हणाल्या.

"न्यायाने वाटा. पेटीत तीन खेपांपुरती उरली आहेत. तिन्ही चुकल्या, तर पोर गेली."

बाईंच्या डोळ्यांना धार लागली. सगुणीच त्यांना म्हणाली, "रडू नका बाई. मला एका जागी बसायची सवय आहे." आता हे ऐकून कुणाचं काळीज जागेवर राहील?

पहिल्या खेपेला बाईंनी सगळ्यांना एकेक पीस दिले.

"मला कशाचं?" जांभई देत भिकोबा म्हणाला. "मी तर झोपलो होतो!"

खपणाऱ्या पोरांनी पाट्या खाली ठेवल्या. दगड सगुणीच्या कमरेपर्यंत चढला.

दुसऱ्या खेपेला बाईंनी ओंजळभर पिसे सगुणीच्याच पदरात घातली.

"मी काय केलं म्हणून, बाई?"

बाई तिचा पदर सावरू लागल्या.

"कीव आली माझी, होय ना?"

दगड छातीला भिडला.

त्या शाळेची एक रीत होती. घंटा झाली की बाई ओल्या फडक्याने प्रत्येकाची पाटी लख्ख पुसून देत, उद्याचा दिवस कोरा हवा म्हणून. त्या सांजेलाही फडके घेऊन त्या सगुणीपाशी आल्या. पाटीवर सात 'ग' होते. पहिला फुटक्या मडक्यासारखा कलंडलेला. सातवा आपल्या पायांवर उभा.

"हा कधी शिकलीस?"

"रोज काढते. रोज पुसला जातो."

बाईंचा हात थबकला. कालचं अक्षर आपणच पुसत आलो, मग पोर आज पुढे गेली हे आपल्याला दिसावं कसं?

दुसऱ्या दिवशी बाई सर्वांसमोर म्हणाल्या, "पाट्या आता पुसायच्या नाहीत. आपल्याच कालच्या पुढे जो जाईल, त्याला पीस. दहा गेले तर दहांना. कुणाला अन्याय वाटतो?"

इंद्रजित उठला. "मला सगळं येतं. मी कुठे पुढे जाऊ?"

"तुला थांबता येत नाही, बाळा. दुसऱ्याचं उत्तर पुरं होईतो गप्प बस. तेच तुझं पुढे जाणं."

पोरं खिदळली. मग सगुणी फळ्यावरचा शब्द वाचू लागली, तिचा पहिलाच. "ग..." पुढे काही येईना. इंद्रजितचे कान लाल झाले, त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, पण शब्द काही सांगितला नाही.

"ग... गवत!"

बाईंनी पीस पुढे केले. सगुणीने मान वर करून घेतले. वाळल्या चिखलासारखा दगड गळून पडला.

"बाई, पायाला मुंग्या आल्या!" ती ओरडली, आणि इंद्रजितने तिला हात देऊन उभी केली. सारी पिसे उडून पक्ष्याच्या अंगावर बसली, आणि पक्षी झळाळत निघून गेला. पण पोरांनी तिकडे पाहिलंही नाही. सगळी सगुणीला चालताना बघत होती. राजाच्या कानावर हे गेलं तेव्हा त्याने आपली चूक कबूल केली, आणि बाईंचा नियम राज्यातल्या सर्व शाळांना लागू झाला.

झाली गोष्ट. राजासुद्धा चूक कबूल करतो. माझा 'ग' दुसरीत असताना एकदाच सरळ आला होता, आणि तो न बघता ज्यांनी पुसला त्यांनी अजून माफी मागितलेली नाही. वर गेले असतील तर तिथून मागावी. नाव त्यांचं धोंडोपंत मास्तर.