शेवंताबाईंचं बोट

"मॅमोग्राफी स्वच्छ, सोनोग्राफी स्वच्छ. मग तिला अजून कशाला बसवून ठेवायचं, मॅडम?"

डॉ. सौमित्र कानिटकर. सुवर्णपदकवाला. शेवंताबाईंना घरी पाठवायची चिठ्ठीही त्याने लिहून ठेवली होती. मी एमआरआयचं मशीन चालवते. असला एक हुशार दरवर्षी येतोच आमच्याकडे.

आमच्या मोठ्या डॉक्टर मुजावर मॅडमनी चिठ्ठी वाचली. "तिचं म्हणणं काय?"

"चार महिने डाव्या स्तनातून रक्ताचा थेंब येतो म्हणे. आतून एका जागी कोणीतरी टकटक करतं म्हणे. मी सगळीकडे दाबून पाहिलं, काही आलं नाही. मनाचे खेळ."

"एमआरआय करू."

आमची एक रीत आहे. तक्रारीची जागा फोटोत कळावी म्हणून तिथं माशाच्या तेलाची गोळी चिकटवायची. सौमित्रने ती आपल्या अंदाजाने चिकटवली.

मॅडमनी ती सोलून काढली.

"शेवंताबाई, डोळे मिटा. जागा तुम्ही दाखवा."

बाई इचलकरंजीच्या, अख्खा जन्म मागावर गेलेला. तुटलेला धागा न बघता शोधणारं बोट ते. हवेत जरा थांबलं... आणि टेकलं. सौमित्रच्या गोळीपासून चांगलं चार बोटं दूर.

बाईंनी दाबलं. स्तनाग्रावर थेंब आला. लाल.

"पुन्हा."

पुन्हा तीच जागा. पुन्हा थेंब. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

गोळी तिथं लावली. बाईंना पालथं झोपवलं. मशीन ठोके द्यायला लागलं. शिरेतून औषध सोडलं, आणि दुसऱ्या मिनिटाला पडद्यावरच्या काळोखात, गोळीच्या बरोबर खाली, मसुराच्या दाण्याएवढं काहीतरी उजळलं.

ही बाई आज घरी गेली असती तर पुन्हा आली नसती, हे तिघांनाही कळत होतं.

बाहेर आल्यावर शेवंताबाई पदर सारखा करत म्हणाल्या, "तुमच्या मशीनचा ठोका माझ्या आतल्यासारखाच हाय की."

त्या बाकावर जाऊन बसल्या. सौमित्रने चिठ्ठी फाडली.

"मॅडम, तुकडा काढून तपासावा लागेल... हे तिला कसं सांगायचं?"

मॅडमनी खोलीतला दिवा लावला.

"तिला काय सांगतोस? चार महिने तीच सांगतेय."