मथुराबाईंची कात्रणं

बार्शीच्या कथास्पर्धेत ब्लाउज शिवणाऱ्या मथुराबाईंची गोष्ट पहिली आली, तेव्हा बक्षीस द्यायला उठलेल्या, जाडजूड कादंबरीचे लेखक प्राचार्य विभूते यांच्या मनात पाल चुकचुकली.

“बाई, शिक्षण किती?”

“सातवी. लिहायचं घरीच शिकले, वाचून आणि खोडून.”

“आमची मुलं एम.ए. होऊनही असं लिहीत नाहीत. खरं सांगा, कुणाची उचललीत?”

सभागृहात कुजबुज सुरू झाली. असलं काही निघणार, हे बाई ओळखून होत्या. त्यांनी पिशवीतून खाडाखोड केलेल्या कागदांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला.

“सर, शिवलेला ब्लाउज चोरता येतो, पण कात्रणं शिवणाऱ्याकडेच राहतात. ही माझ्या गोष्टीची. आता तुमच्या कादंबरीची दाखवा.”

विभूत्यांनी पाणी मागितलं आणि पेला रिकामा व्हायच्या आत बक्षीस देऊन टाकलं.